माझ्याकडच्या काचेच्या इन्सुलेटरवर '२ मे १८९३' असं उठवलेलं आहे. तो खरंच तेव्हाचा असेल का? असे इन्सुलेटर आणि जुन्या बाटल्या जमवायला सुरुवात कशी करावी?

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलात दोन वस्तू आहेत: पेटंटची तारीख असलेला निळसर-हिरवा इन्सुलेटर, म्हणजे खांबावर तार बांधण्यासाठी बसवायची काचेची टोपी, आणि उभ्या कंगोऱ्यांची एक गडद निळी छोटी बाटली. आधी इन्सुलेटरचं सांगते.

२ मे १८९३ ला तुमचा इन्सुलेटर तयार झाला, असा त्या अक्षरांचा अर्थ होत नाही. ती पेटंटची तारीख आहे. अमेरिकेतल्या हेमिंग्रे ग्लास कंपनीला त्या दिवशी इन्सुलेटरच्या खालच्या कडेवरच्या दातांचं पेटंट मिळालं. तुमचा इन्सुलेटर उलटा करा, कडेवर बारीक दातांची रांग दिसेल. पावसाचं पाणी ओघळत खाली येतं, या दातांच्या टोकांवर जमतं आणि थेंब होऊन गळून पडतं, त्यामुळे कड लवकर कोरडी होते. पेटंट मिळाल्यावर कंपनी तीच तारीख पुढे कितीतरी वर्षं साच्यात कोरत राहिली. तेव्हा तुमचा नग त्या तारखेच्या नंतरचा आहे एवढं नक्की. किती नंतरचा, ते काचेवरच्या इतर खुणांवरून काढायचं. दात टोकदार असतील तर आधीच्या काळातला, गोल मण्यांसारखे असतील तर नंतरचा. ज्या हेमिंग्रेवर 'मेड इन यू. एस. ए.' असतं ते आणखी पुढचे. ही कंपनी १८४८ मध्ये सिनसिनाटीला सुरू झाली, १८८८ मध्ये तिचं उत्पादन इंडियानातल्या मन्सी गावी गेलं, १९३३ मध्ये ओवेन्स-इलिनॉय या मोठ्या काच कंपनीने ती घेतली आणि १९६७ पर्यंत मन्सीत इन्सुलेटर बनत राहिले. ओवेन्स-इलिनॉयच्या काळातल्या नगांवर दोन आकडे आणि काही ठिपके असतात. पहिला आकडा साच्याचा, दुसरा वर्षाचा, आणि साचा पुढच्या प्रत्येक वर्षी वापरात राहिला की एक ठिपका वाढायचा. ही पद्धत मला कळली त्या दिवशी घरातले सगळे नग काढून मी रात्री उशिरापर्यंत ठिपके मोजत बसले होते.

तारखेवर इतकं बोलण्याचं कारण असं की या छंदात नवा माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो. उठावाची अक्षरं वाचता येतात, म्हणून तो तीच वाचतो. काच कशी घडली ते वाचायला वेळ लागतो, पण खरं वय त्यातूनच कळतं. जॉन लँडिस मेसन याने आट्यांच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट ३० नोव्हेंबर १८५८ ला घेतलं. ती तारीख असलेल्या बरण्या विसाव्या शतकातही बनत होत्या, आणि आजही लोक त्या '१८५८ ची बरणी' म्हणून पुढे करतात. कोका-कोलाच्या कंबर असलेल्या बाटलीवर आधी १६ नोव्हेंबर १९१५ ही तारीख येई, नंतरच्या बाटल्यांवर २५ डिसेंबर १९२३ आली. त्या दुसऱ्या बाटलीला संग्राहक 'ख्रिसमस बाटली' म्हणतात. ती १९३० च्या दशकातही तयार होत होती.

आता इन्सुलेटर मुळात कशासाठी होते ते बघू, कारण त्यांचा प्रत्येक कंगोरा कामासाठी आहे. वॉशिंग्टन ते बाल्टिमोर ही मोर्सची तारायंत्राची लाइन १८४४ मध्ये सुरू झाली. तार आधी जमिनीखालून नेण्याचा प्रयत्न झाला होता. ते काम एझ्रा कॉर्नेलकडे होतं, पण तारेवरचं आवरण टिकेना, म्हणून शेवटी खांब उभे करून तार वरून न्यावी लागली. आता तार थेट लाकडाला बांधली तर पावसात भिजलेल्या खांबातून वीज जमिनीत झिरपते. लांबच्या लाइनवर अशी गळती प्रत्येक खांबावर झाली तर पलीकडच्या टोकाला संदेश पोचायचाच नाही. म्हणून तार आणि लाकूड यांच्यामध्ये काच आली. इन्सुलेटर हातात घेऊन वरून खाली बघा. वर घुमट, त्याखाली तार बांधायची खाच, मग खाली पसरत गेलेली झालर. झालरीची आतली बाजू पावसातही बरीचशी कोरडी राहते, आणि इन्सुलेटर ज्या लाकडी खुंटीवर बसतो तिच्यापर्यंत विजेला पोचायचं तर बाहेरून खाली आणि मग आतून वर असा लांबचा रस्ता धरावा लागतो. काहींना आत दुसरी झालर असते, ती याच कारणासाठी.

सुरुवातीच्या इन्सुलेटरना आत आटे नव्हते. ते लाकडी खुंटीवर नुसते दाबून बसवत, बऱ्याचदा डांबर लावलेल्या कापडाच्या आधाराने. वारा, थंडी, तारेचा ताण यांनी ते सैल होऊन निघून येत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत तारायंत्राची लाइन २४ ऑक्टोबर १८६१ ला जोडली गेली, तेव्हाही काचेच्या आत आटे नव्हते. मग लुई कॉव्हे या माणसाने २५ जुलै १८६५ ला आट्यांच्या इन्सुलेटरचं पेटंट घेतलं. खुंटीलाही आटे, काचेच्या आतही आटे, फिरवला की घट्ट. ब्रुकलिनच्या ब्रुकफील्ड काच कंपनीने ते हक्क घेतले, आणि त्यांच्या इन्सुलेटरवर कॉव्हेचं नाव व ती तारीख दिसते. वितळलेल्या काचेत आटे कसे पाडत असतील, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. उत्तर साधं आहे. साच्यात काच ओतायची, आट्यांचा लोखंडी दांडा वरून आत दाबायचा, आणि काच जरा थिजली की तो उलटा फिरवून बाहेर काढायचा. जुन्या नगात बोट घालून बघा. आटे कुठे अर्धवट उतरलेले, कुठे किंचित वाकडे असतात. तो दांडा फिरवणाऱ्याची घाई मला त्यात जाणवते. तो भाग मी कधीही घाईत धूत नाही.

बिनआट्यांचे नग दुर्मिळ आहेत, आणि नवख्याने त्यांच्या मागे लागू नये.

ओळख पटवायला संग्राहक 'सीडी' (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांक वापरतात. एन. आर. वुडवर्ड या अमेरिकी संग्राहकाने ही पद्धत बसवली. त्यात बाजूने दिसणारा आकार तेवढा धरला जातो. रंग, कंपनी, अक्षरं यांचा संबंध नाही. म्हणजे एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या कंपन्यांचे नग येतात. सीडी १५४ हा सगळ्यात जास्त भेटणारा आकार. हेमिंग्रे-४२ आणि व्हिटॉल टेटम नं. १ हे दोन्ही त्यातलेच. सीडी १४५ मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो, म्हणून त्याला 'बीहाइव्ह' म्हणतात. सीडी २५७ च्या माथ्यावर दोन कान असतात, त्याचं नाव 'मिकी माउस'. सातशेच्या घरातले क्रमांक बिनआट्यांचे. माझा सल्ला असा की एक सामान्य आकार निवडा, म्हणजे १५४ च निवडा, आणि त्याचेच दहा-पंधरा नग जमवा. एकाच आकारात निळा, हिरवा, बर्फासारखा फिकट, पूर्ण पारदर्शक असे रंग शेजारी ठेवले की कारखान्यात कच्चा माल आणि पद्धत कशी बदलत गेली ते डोळ्यांना दिसायला लागतं. दहा वेगवेगळ्या दुर्मिळ वस्तूंपेक्षा या दहांनी मला जास्त शिकवलं.

रंगाबद्दल मात्र सावध राहा. वाळूत लोह असतं, त्यामुळे काच आपोआप निळसर-हिरवी होते. तुमच्या इन्सुलेटरचा रंग तोच. हा रंग घालवण्यासाठी कारखाने काचेत मँगनीज घालत. अशी पारदर्शक काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळी पडत जाते. डेन्व्हर आणि कॅलिफोर्नियातल्या काही कारखान्यांचे खरे जांभळे इन्सुलेटर फार सुंदर असतात. पण तीच मँगनीजची काच किरणोत्सर्गाखाली ठेवली तर थोड्या वेळात गर्द जांभळी होते, आणि काही लोक हे मुद्दाम करतात. मीही एक असा घेतला होता. विकणाऱ्याने 'ऊन लागून झालाय' असं सांगितलं. घरी आणून जुन्या जांभळ्या नगाशेजारी ठेवला तेव्हा रंग वेगळाच दिसला, द्राक्षाच्या रसासारखा दाट, वरपासून खालपर्यंत एकसारखा. तेव्हापासून एक नियम पाळते: ज्या आकारात आणि ज्या कंपनीत तो रंग कधी नोंदलाच गेलेला नाही, त्या रंगाचा नग कितीही आवडला तरी घ्यायचा नाही. भडक निळे, लाल, पिवळे नग बघितले की आधी बाहेरून रंग चढवलाय का ते तपासा. टवका उडालेल्या जागी आतली काच दिसते. रंग आतपर्यंत नसेल तर तो वरून दिलेला आहे.

आता बाटल्या. बाटली तळापासून तोंडाकडे वाचायची. तळाशी खडबडीत, धारदार वळं किंवा डाग असेल तर बाटली फुंकल्यावर तिला लोखंडी सळीच्या टोकावर चिकटवून धरलं होतं आणि मग सळी तोडून काढली होती. साधारण १८६० च्या आसपास बाटली बाहेरून पकडणारी चिमट्यासारखी साधनं आली आणि हा व्रण बाटल्यांवरून कमी होत गेला. हाताने फुंकलेल्या आजच्या काचेवरही तो दिसतो, म्हणून एकट्या व्रणावर विसंबू नका.

मग साच्याची रेघ बघा. बाटलीच्या दोन बाजूंनी उभी जाणारी बारीक शिवण असते. ती तोंडाच्या कडेवरूनही गेली असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं, त्यामुळे अशी बाटली विसाव्या शतकातली धरावी. ओवेन्सच्या यंत्राने काच खेचताना तळावर पिसासारख्या कडांचा, मध्यापासून किंचित सरकलेला गोल व्रण राहायचा. तो एकदा ओळखता आला की लांबूनही चुकत नाही. रेघ गळ्यापाशीच संपत असेल तर तोंड हाताने केलेलं आहे. रेघ जितकी वर चढलेली तितकी बाटली नवी, असा एक समज सगळीकडे सांगितला जातो, तो चुकीचा आहे. तोंड आकाराला आणणारं हत्यार फिरलं की गळ्यावरची रेघ पुसली जाते, आणि ती किती पुसली जाईल हे त्या कारागिराच्या हातावर होतं. काचेतल्या बुडबुड्यांचंही तेच. ते देखणे दिसतात, पण वयाचा पुरावा म्हणून उपयोगाचे नाहीत.

तळावर चौकोनी हिऱ्याच्या आकारात ओ आणि आय गुंफलेली खूण असेल तर ती ओवेन्स-इलिनॉयची, १९२९ ते १९५४ च्या दरम्यानची. तिच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा वर्षाचा. अमेरिकी दारूच्या बाटलीवर 'ही बाटली विकण्यास वा पुन्हा वापरण्यास संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर ती १९३५ ते १९६४ मधली. तोंड पत्र्याच्या दातेरी बुचासाठी केलेलं असेल तर बाटली १८९२ च्या आधीची असू शकत नाही, कारण विल्यम पेंटरचं ते पेटंट त्या वर्षीचं.

बुचांचा इतिहास मला बाटल्यांइतकाच प्रिय आहे. सोड्यातला वायू आत कोंडून ठेवायचा हाच सगळा प्रश्न होता. लांबट अंड्यासारख्या, बूड नसलेल्या बाटल्या त्यासाठीच केल्या गेल्या: बाटली उभी राहूच शकत नाही, आडवी पडते, कॉर्क ओला राहतो, आक्रसत नाही, वायू निसटत नाही. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची. वायूचा दाब गोटीला गळ्यातल्या रबराच्या कड्यावर घट्ट बसवतो. गोटी मिळावी म्हणून मुलं या बाटल्या फोडत, त्यामुळे धड राहिलेल्या जुन्या बाटल्या कमीच. काचेला गोटी बडवून पडलेले बारीक चंद्रकोरीसारखे टवके तिच्या गळ्यात आत दिसतात. ते मी दोष मानत नाही, ती बाटली वापरली गेली याची खूण मानते.

साफसफाईत नुकसान फार होतं, म्हणून यावर जरा थांबते. इन्सुलेटरची काच जाड असते आणि तिच्यात जुना ताण शिल्लक असू शकतो. माझा एक सुंदर निळा बीहाइव्ह थंड खोलीतून आणून मी गरम पाण्यात सोडला. टक् असा आवाज आला आणि घुमटापासून कडेपर्यंत तडा गेला. नग आणि पाणी एकाच तापमानाला येऊ द्या, कोमट पाण्यात साबण घाला, मऊ ब्रश वापरा, आणि एक रात्र भिजू द्या. रेल्वेच्या धुराची चिवट काजळी साबणाने जात नाही, तिच्यासाठी संग्राहक पाण्यात विरघळवलेलं ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, उघडी हवा, आणि घरात लहान मूल असेल तर हा उद्योग करूच नका. हायड्रोफ्लोरिक आम्लाचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते काच खातं आणि माणसाचा जीवही घेतं.

जमिनीत पडलेल्या बाटलीवर पांढुरका पडदा किंवा मोरपंखी झाक येते. ओलाव्याने काचेतले क्षार निघून जातात, पृष्ठभागावर पातळ थर उरतात, आणि त्या थरांतून प्रकाश परतताना रंग दिसतात. ही घाण नाही, काचच बदललेली असते, त्यामुळे घासून जात नाही. तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली तासन्‌तास फिरवण्याची यंत्रं आहेत. त्याने चकाकी येते, पण उठावाच्या अक्षरांच्या कडा बोथट होतात. मी कुठलीच बाटली तशी फिरवत नाही. तुम्हाला आवडत असेल तर करा, फक्त पुढे कुणाला देताना ते सांगा. विकत घेताना बाटली कोरडी आहे ना ते पाहा, कारण तेलाचा हात फिरवला की पडदा काही काळ दिसेनासा होतो.

वस्तू मिळवायच्या कुठून? भंगारवाल्याकडे, जुन्या सामानाच्या बाजारात, लिलावात, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदलीतून. खांबावर असलेल्या इन्सुलेटरला हात लावू नका. लाइन बंद दिसते म्हणून ती मृत असतेच असं नाही, आणि वस्तू ज्याची त्याची आहे. रेल्वेच्या हद्दीतले खांबही तसेच. बाटल्यांसाठी काही जण जुने उकिरडे आणि शौचकूप खणतात. जमीनमालकाची परवानगी, एकट्याने न खणणं, खड्ड्याच्या भिंती कोसळू शकतात याचं भान, धनुर्वाताची लस आणि काम झाल्यावर खड्डा बुजवणं, एवढं झेपत असेल तरच. पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाची जागा असेल तर अजिबात नाही. तिथे बाटली कुठल्या थरात कशाशेजारी होती यातच माहिती असते, आणि आपण ती उपसली की ती कायमची जाते.

कुठूनही मिळालेली असो, वस्तू कुठे, कुणाकडून, कोणत्या दिवशी आली ते त्याच संध्याकाळी चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. मांडताना फळीची ताकद बघा, एक सीडी १५४ अर्धा किलोच्या वर भरतो. भरीव घुमटाचे नग किंवा पाण्याने भरलेली गोल बाटली थेट उन्हात ठेवू नका. त्या भिंगासारखं ऊन एकवटतात आणि खिडकीच्या पडद्याला आग लागू शकते.

आता तुमची निळी बाटली. गडद निळा रंग आणि हाताला लागणारे उभे कंगोरे, हे वर्णन विषाच्या बाटलीचं वाटतं. रात्री दिव्याशिवाय औषध घेताना हाताला स्पर्शानेच कळावं म्हणून विषारी औषधांच्या बाटल्या अशा करत. अनेकांवर 'पोटात घेऊ नये' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द उठवलेले असतात. तिच्या बाजूला ते शब्द आहेत का, रेघ तोंडावरून जाते का आणि तळावर काय आहे ते पाहून इथे लिहा, मग काळाचा अंदाज करता येईल. पण त्याआधी एक महत्त्वाचं: बूच बंद असेल आणि आत थेंबभरही काही उरलं असेल, तर ते उघडू नका, हुंगू नका, बेसिनमध्ये ओतू नका. त्यात स्ट्रिकनीन, पाऱ्याचे क्षार, कार्बोलिक आम्ल असं काहीही असू शकतं, आणि लेबल गेल्यावर ते ओळखायला आपल्याकडे काही साधन नाही. बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात उभी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि आतल्या द्रवासाठी घातक रसायनं स्वीकारणाऱ्या यंत्रणेला विचारा. रिकामी असेल तर खिडकीजवळ धरून बघा, त्या निळ्यातून उजेड कसा येतो ते.